चौकटी आखून काढलेली लक्ष्मी

रत्नागिरीतल्या आमच्या घरात भिंतींवर चित्रं भरपूर होती. हाताने रंगवलेलं मात्र एकही नव्हतं. आळीतल्या इतर घरांतही नव्हतं. आमच्या वयाचे जे दोघे-चौघे पुढे चित्रकार झाले, त्यांच्यापैकी कोणीही मुंबईला जाईपर्यंत मूळ चित्र म्हणून काही पाहिलेलं नव्हतं. आणि तरी ही पोरं शाळकरी वयापासून कागद काळे करत होती. कशाच्या बळावर, हा प्रश्न मला आता सत्तरी ओलांडल्यावर जास्त पडतो. 'तुम्हांला चित्र सुचतं कसं?' असं कोणी विचारलं की मी घरच्या भिंतींपासून सुरुवात करतो आणि विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. रत्नागिरीचा म्हटल्यावर त्याला समुद्र हवा असतो.

ओटीवर मुंबईच्या कुठल्यातरी कापडदुकानाचं कॅलेंडर असे. गिरगावात नोकरीला असलेले काका डिसेंबरअखेर ते गुंडाळी करून टपालाने पाठवत. माजघरात रविवर्मा प्रेसची लक्ष्मी. बाळंतिणीच्या खोलीत एका हातात समई आणि दुसऱ्या हाताचा आडोसा करून उभी असलेली तरुणी. तिला आम्ही 'दिव्याची बाई' म्हणत असू. तीही रविवर्म्याचीच, असं घरात सगळे धरून चालत. ती सावळाराम हळदणकरांची आहे, म्हणजे आमच्या शेजारच्या सावंतवाडीत जन्मलेल्या माणसाची. ती तैलरंगात नसून जलरंगात आहे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे आणि दिवा धरून उभी राहिली ती त्यांची स्वतःची मुलगी, गीता, हे सगळं मला फार उशिरा कळलं. कळल्यावर लगेच आईला सांगितलं. आई म्हणाली, "बापाने काढलंय होय? तरीच तिचा हात भाजत नाही."

लक्ष्मीची हकिकत वेगळी. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे चित्र दगडावर उतरवत आणि एकेका रंगासाठी वेगळा दगड घेऊन रंगावर रंग छापत. एवढ्या खटाटोपातून निघालेली लक्ष्मी पणजीच्या काळात आमच्या घरात आली, आणि आजीला व तिच्या जावांना ती अपुरी वाटली. पावसाळ्यातल्या दुपारी, भाताची लावणी आटोपल्यावर, त्यांनी ती चौकटीतून बाहेर काढली. लुगड्याच्या काठांवर खरी जर चिकटवली, दागिन्यांच्या जागी मणी आणि टिकल्या लावल्या, कमळाच्या पाकळ्यांना कडेने चमकी दिली आणि काच पुन्हा बसवली. अशा सजवलेल्या लक्ष्म्या आणि सरस्वत्या तेव्हा बऱ्याच घरांत होत्या. बायका हळदीकुंकवाला गेल्या की एकमेकींच्या लक्ष्म्या बारकाईने बघून येत आणि घरी आल्यावर नावं ठेवत. आमच्या लक्ष्मीच्या चेहऱ्याला मात्र काहीही लावलेलं नव्हतं. नाकात नथसुद्धा छापलेली होती तशीच. मी आजीला कारण विचारलं होतं.

"तोंडाला काय लावणार मेल्या? ते त्याचं काम आहे, ते त्याने केलंय."

पुढे मी कलासमीक्षेची बरीच पुस्तकं वाचली. दोन माणसांनी एकाच चित्रावर काम करायचं तर कोणी कुठे थांबावं, याचं इतकं साधं उत्तर त्यांत कुठे सापडलं नाही.

नवं कॅलेंडर लागलं की जुनं आम्हा मुलांच्या मालकीचं. आम्ही सख्खी-चुलत मिळून घरभर होतो, त्यामुळे वाटणीवरून मारामारी ठरलेली. बरीच पानं वह्यापुस्तकांना कव्हर घालण्यात जात. उरलेल्या चित्रांवर पट्टीने बारीक चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी कोऱ्या कागदावर मोठ्या आखायच्या, आणि एकेक घर सोडवत चित्र मोठं करायचं. कोणी शिकवलं आठवत नाही. थोरल्याकडून धाकट्याकडे आलं, गोट्या आणि विटीदांडू आले तसंच.

रघुवीर मुळगावकरांच्या राम-कृष्णांनी आम्हांला फार छळलं. त्यांच्या गालावर रंग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते दिसतच नसे. ब्रशची एक रेघ म्हणून सापडायची नाही. ते स्प्रेने रंग फवारतात हे रत्नागिरीत आम्हांला कोण सांगणार? आम्ही शिसपेन्सिलीची पूड कापसाने चोळून तसा गाल आणायचा प्रयत्न करायचो आणि कृष्ण खरोखरच काळा व्हायचा. दीनानाथ दलालांची गोष्ट उलटी. त्यांची बाई एका रेषेत उभी राहायची. ती रेषा आपल्यालाही येईल असं वाटायचं आणि हात उचलेपर्यंत बाईचा खांदा निसटलेला असायचा. दलालांनी १९४५ साली स्वतःचा 'दीपावली' अंक सुरू केला होता. तो आणि इतर दिवाळी अंक आम्हांला जिल्हा नगर वाचनालयातून मिळत. हे वाचनालय १८२८ सालचं, गावाला त्याचा मोठा अभिमान. अंक हातोहात फिरून आमच्यापर्यंत शिमग्याच्या सुमारास पोचे, आणि तोवर मधलं रंगीत पान कोणीतरी ब्लेडने अलगद कापून नेलेलं असे. कापणारा चित्रकलेचा दर्दी असणार, एवढं समाधान.

चौकटी आखल्या की चुकायला जागा राहत नाही, असं आम्हांला वाटायचं. प्रत्यक्षात लक्ष्मी एकच, चौकटी मोजून तेवढ्याच, आणि तरी प्रत्येकाची लक्ष्मी निराळी येई. थोरल्या भावाची लक्ष्मी गणिताच्या बाईंसारखी कडक दिसे. ताईची लक्ष्मी हुबेहूब आमच्या आत्यासारखी, तेसुद्धा आत्या रुसून बसलेली असताना. माझ्या लक्ष्मीचे चारही हात एकाच बाजूचे वाटत. कोणालाच काही नवं करायचं नव्हतं. सगळ्यांना तेच, तसंच हवं होतं. ते तसं होत नाही, ही आम्हांला तेव्हा लाज वाटायची. आज मागे वळून पाहताना मला त्याच न जमलेल्या जागा आठवतात. आत्याचा तो रुसवा ताईच्या हाताला कुठून आला, हे ताईलाही सांगता येत नाही. तिने आत्याचं चित्र म्हणून कधी काढलं नाही. काढलं असतं तर ते नक्कीच जमलं नसतं.

१९७३ साली मालवणच्या जयंतराव साळगावकरांचं 'कालनिर्णय' निघालं आणि काही वर्षांत ओटीवरची चित्रं गेली. तारखा, तिथ्या, मागच्या बाजूला वाचायला मजकूर. आई-काकूंना ते फारच सोयीचं झालं, तक्रारीला जागा नाही. आमच्यामागून आलेल्या भावंडांना मात्र चौकटी आयत्या मिळाल्या आणि आत चित्रच नव्हतं.

शाळेत चित्रकलेचे सर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवत. सरकारी रेखाकला परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट घरात फ्रेम करून लागे; त्या अर्थी घरात लागलेली आमची पहिली कलाकृती तीच. कॅमलच्या वड्यांची एक पेटी तिघांत. आमच्याकडे हिरवा सगळ्यांत आधी संपे, मग तांबडा. निळ्याला कोणी हात लावत नसे, कारण पावसाळ्यात समुद्र निळा नसतो हे आम्हांला माहीत होतं. निसर्गचित्राला सर थिबा पॅलेसवर नेत. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं, त्याच्यासाठी हा लाल वाडा १९१० च्या सुमारास बांधला आणि १९१६ साली राजा इथेच वारला, ही गोष्ट सर दरवेळी सांगत. आम्ही खिडक्यांच्या अर्धगोलात अडकलेले असू. रंगीत काचेचा रंग बाहेरून काळा दिसतो आणि आतून पेटतो, हे तिथे पाहिलं.

स्मरणचित्राचा पेपर सगळ्यांना अवघड जाई. बाजार, विहिरीवरचं पाणी भरणं, पालखी, असा काहीतरी विषय आणि समोर काही नाही. त्या पेपरात मी सर्रास माणसांच्या पाठी काढत असे. सरांनी विचारलं तर सांगितलं, "शिमग्यात पालखी नाचते तेव्हा आम्हांला मोठ्या माणसांच्या पाठीच दिसतात." मार्क बरे मिळाले होते.

पण खरी शाळा गणपतीच्या कारखान्याची. नागपंचमीच्या सुमारास घरोघरचे पाट तिथे पोचत. प्रत्येक घराची उंची ठरलेली, बैठक ठरलेली, सोवळ्याचा रंगही बहुतेक ठरलेला. शाळा सुटली की आम्ही थेट तिथे. शाडू मळणं, साच्यात दाबणं, जोड बुजवणं ही दणकट माणसांची कामं. आमची बढती उंदरापासून सुरू होई. उंदीर जमला की पाटाची कड, कड जमली की मोदक, मग शेल्याचे काठ. सोंडेपर्यंत पोचायला मिसरूड फुटावं लागे. श्रावणात हवेतच इतकं पाणी की माती वाळता वाळत नसे. मूर्तींच्या रांगांमध्ये कोळशाच्या शेगड्या ठेवत. जास्त आच लागली तर तडा, कमी पडली तर रंग धरत नाही. रात्री वीज गेली की गॅसबत्ती. त्या पिवळ्या उजेडात निवडलेला गुलाबी रंग सकाळी पाहिला तर अंगावर येई. तेव्हापासून मी दिव्याखाली रंग कालवत नाही.

डोळे मात्र मालक स्वतः आखत. आखणीच्या रात्री पोरांना बोलायची बंदी. वरच्या पापणीची रेघ एका दमात, मग खालची, मग बुबुळ, आणि सगळ्यात शेवटी बुबुळावर पांढरा ठिपका. साचा एकच असल्यामुळे अंगाने सगळे गणपती जुळे भाऊ. आखणी झाली की त्यांची ओळख वेगळी पटायला लागे. एकदा एक वहिनी तक्रार घेऊन आल्या, "काका, गेल्या वर्षी आमचा गणपती रागावल्यासारखा बघत होता हो." मालकांनी ब्रश खाली न ठेवता विचारलं, "घरात काय झालं होतं?" वहिनी हसल्या आणि पाट ठेवून निघून गेल्या. मालकांनी त्या वर्षी त्यांच्या गणपतीचे डोळे किंचित खाली वळवले. मी शेजारीच उंदीर रंगवत होतो, म्हणून मला माहीत आहे.

चतुर्थी पुढे ढकलता येत नाही. आज माझ्या स्टुडिओत महिनोन् महिने भिंतीकडे तोंड करून ठेवलेली अर्धी चित्रं आहेत. प्रेरणा, मनःस्थिती वगैरे शब्द वापरून मी ती तशी ठेवू शकतो. कारखान्यातल्या माणसांना ही चैन नव्हती, आणि त्यांचं काम त्यामुळे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. उलट काही डोळे असे पाहिलेत की ते दीड दिवसात मांडवीच्या पाण्यात गेले याचं अजून वाईट वाटतं.

हवेचा धडा माझ्यापुरता मोठा होता. जलरंग हा वाळण्याचा खेळ आहे. मे महिन्यात भाट्याच्या किनाऱ्यावर बसलं तर ब्रश कागदावरून उचलण्याआधी रंग वाळून त्याची कड उमटते. जुलैत तोच रंग पाऊण तास ओला राहतो आणि शेजारच्या रंगात शिरतो. दमट हवेत कागदावरची खळ मरते, मग रंग वर न राहता आत मुरतो आणि बुरशीचे ठिपके पडतात. प्रल्हाद अनंत धोंड हे आमच्या कोकणातले, जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे अधिष्ठाता झालेले. त्यांचे जलरंगातले समुद्र मी जेव्हा पहिल्यांदा पाहिले तेव्हा जाणवलं की या माणसाला जुलै ठाऊक आहे. ओल्या कागदावर मोजके, रुंद फटकारे. उरलेलं काम पाण्यावर सोपवलेलं. आम्ही जे.जे.त पोचलो तोवर ते निवृत्त झाले होते, पण 'धोंड मास्तरां'च्या गोष्टी वर्गावर्गांत चालू होत्या. 'रापण' हे त्यांचं आठवणींचं पुस्तक मौजेने काढलं तेव्हा मी ते रत्नागिरीला नेलं. मिरकरवाड्याच्या एका ओळखीच्या तांडेलाने वरचं नाव वाचून आत मासेमारीचं काय लिहिलंय ते विचारलं होतं. सांगितलं की हा चित्रकार आहे. "मग त्याने नाव बरोबर दिलंय," तो म्हणाला, "सगळं जाळ्यात येतं. निवडायचं नंतर."

रत्नागिरीच्या चित्रकाराला आणखी एक फायदा असतो. किल्ल्याच्या एका अंगाला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा. पाणी तेच, वाळू वेगळी. मांडवीच्या वाळूत काळं खनिज आहे. पांढऱ्या समुद्रावर वाळू उजळ आणि पाणी गडद. अर्ध्या तासाच्या चालीवर मांडवीला या, तर ओली वाळू सगळ्यांत गडद आणि पाणी उजळ. उजेडाचा हा उलटासुलटा हिशेब आमच्या डोळ्यांना फुकट मिळाला. मुंबईत मास्तर तो फळ्यावर समजावून सांगत तेव्हा आम्ही कोकणातली पोरं खिडकीबाहेर बघत बसायचो.

मुंबईत मूळ चित्र पाहिलं आणि पहिला धक्का बसला तो पांढऱ्याचा. जलरंगात उजेड म्हणजे न रंगवलेला कागद. आम्ही छापील चित्रावरून नकला करताना उजेडसुद्धा रंगवत होतो, पांढरी वडी उगाळून. न केलेलं काम हेही चित्रातलं काम असतं, हे भिंतीवरच्या छापील चित्रांनी आम्हांला सांगितलं नव्हतं. सांगू शकलीच नसती.

त्या न केलेल्या जागेवर सगळ्यांत खोल विचार मराठीत कोणी केला असेल तर प्रभाकर बरवे यांनी. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले, बरीच वर्षं विणकर सेवा केंद्रात नोकरी केलेले बरवे. त्यांचं 'कोरा कॅनव्हास' १९९० साली आलं. वस्तू, तिची प्रतिमा, दोन प्रतिमांमधली मोकळी जागा यांवर एक चित्रकार स्वतःशी बोलतोय, तेही आपल्या भाषेत. ते पुस्तक आमच्या पिढीने पेन्सिलीने खुणा करून झिजवलं. बरवे एनॅमल रंग वापरत, हे कळलं तेव्हा मला मिरकरवाड्याची आठवण झाली. पावसाळ्याआधी ओढून किनाऱ्यावर घेतलेल्या होड्या, डब्यातला ऑइलपेंट काठीने ढवळणारी पोरं, निळ्या फळीवर सरळ ओढलेला पिवळा पट्टा. तोच डब्यातला रंग त्यांनी कॅनव्हासवर आणून इतका शांत केला होता.

एका बाबतीत मात्र माझं बरव्यांच्या पुस्तकाशी मनातल्या मनात भांडण आहे. कोऱ्या कॅनव्हाससमोर बसण्याचा अनुभव मला कधी आलाच नाही. माझ्या कागदावर आधीपासून चौकटी होत्या. आजही मी पांढऱ्या कागदावर नजर टाकली की हात पट्टी शोधतो. चौकटी मी आता आखत नाही, पण त्या आहेत असं धरून चालतो आणि मग त्यांच्याबाहेर कुठे जायचं ते ठरवतो. कोरेपणाची भीती आमच्या घरातल्या कोणालाच नव्हती. आम्हांला भीती होती ती लक्ष्मी आत्यासारखी दिसेल याची.

लहानपणी सड्यावर करवंदं काढायला जाताना जांभ्यात कोरलेल्या आकृत्या पायाखाली येत. गुराखी त्या पांडवांच्या म्हणत. आम्ही त्यांच्यावरून उड्या मारत पुढे जायचो. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत त्या शोधून, मोजून, नकाशावर आणल्या. २०२२ साली त्यांतल्या काही जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत लागल्या. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी जनावरं, मासे कोरलेले आहेत. मी त्याच्या पाठीच्या रेषेवरून चालत गेलो. चालताना हत्ती दिसतच नाही. दिसतो तो कातळातला एक चर, हातभर पुढे, हातभर मागे. ड्रोनने वरून टिपल्यावर हत्ती होतो. कोरणारा उकिडवा बसून दगडाने दगड टोचत सरकला असणार आणि त्याने आपलं चित्र पुरतं कधीच पाहिलं नसणार. ताई बरोबर होती. खूप वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "ह्यांनी चौकटी आखल्या असतील का रे?" मी हसलो, पण पाच मिनिटांनी दोघंही कातळावर सरळ रेघा शोधत होतो. सापडल्या नाहीत.

आता मूळ घर पाडायचं ठरलं आहे. भावंडं डोंबिवली, पुणे, एक बडोद्याला. आगराची, पोफळींची वाटणी बिनबोभाट झाली. वाद झाला तो लक्ष्मीवरून. मुंबईच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने फोटो पाहून सांगितलं की प्रिंट उत्तम आहे, फक्त वरची जर आणि मणी काढून द्या, म्हणजे किंमत येईल. थोरल्याने फोन ठेवला. शेवटी पुतण्याने तिला स्कॅन केलं आणि सगळ्यांना सारख्याच मापाच्या प्रती छापून दिल्या. मूळ लक्ष्मी गणपतीच्या पाळीबरोबर फिरेल असं ठरलं. माझी प्रत स्टुडिओत आहे. सुबक आहे. जरीची सावलीसुद्धा छापली आहे, हात लावला की सपाट.

ताईने तिची प्रत दोन दिवस टेबलावर तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी जुन्या शालूचा काठ, कात्री आणि फेव्हिकॉल घेऊन बसली. काठांवर जर झाली, कमळ झालं, आणि मग तिने थेट चेहऱ्यावर मोत्यांची नथ चिकटवली. मी म्हटलं, "अगं, आजीने तोंडाला हात लावला नव्हता."

"आजीकडे त्याने केलेलं तोंड होतं," ती म्हणाली. "हे मशीनने केलंय. सरक, उजेड अडवतोयस."

नथ जरा मोठी झाली आहे. लक्ष्मी पुन्हा आत्यासारखी दिसते.